जतन न केलेली नोंद आणि खंडित वीज : चिकित्सालय व फार्मसीसाठी काही दक्षता



रुग्णपत्रके, औषधसाठा, देयके आणि औषधनिर्मितीच्या नोंदी आता आपल्यापैकी अनेकजण संगणकावर ठेवतात. नोंद लिहून झाली म्हणजे ती सुरक्षित झाली, असा आपला समज असतो. तो किती पोकळ आहे, हे आम्हांस मोहोळ येथील आमच्या चिकित्सालयात एका सकाळी कळले. आमवाताच्या एका नव्या रुग्णाची तपासणी पाऊण तास चालली होती. प्रश्नपरीक्षा, अष्टविध परीक्षा, पूर्वी घेतलेल्या औषधांची यादी असे सर्व संगणकावर उतरले होते. शेवटी एकदाच जतन करू, असे म्हणत असतानाच वीज गेली. रुग्ण अद्याप बाहेरच होता, म्हणून त्यास परत बोलावले. परंतु प्रथम ओघात सांगितलेले बारकावे दुसऱ्यांदा आले नाहीत. नाडी पुन्हा पाहावी, तर मधल्या वेळात त्याने चहा घेतलेला होता.

यात गेले ते टंकलेखनाचे श्रम नव्हेत, निरीक्षण गेले. देयक पुन्हा करता येते. त्या वेळची नाडी पुन्हा सापडत नाही. फार्मसीतही तेच आहे. अभ्रकास कितवे पुट दिले, हे भस्माकडे पाहून सांगता येत नाही. अवलेहाचा पाक किती वाजता सिद्ध झाला, हे दुसऱ्या दिवशी आठवून लिहिले तर तो केवळ अंदाज असतो. औषधे नियम, १९४५ (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मधील अनुसूची ‘टी’नुसार प्रत्येक बॅचच्या निर्मितीची नोंद ठेवणे आवश्यक आहे. स्मरणाने भरलेला कागद दिसतो नोंदीसारखा. नोंद मात्र नसतो.

हानी का होते?

संगणकास दोन प्रकारची स्मृती असते. आपण लिहितो ते प्रथम तात्कालिक स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये राहते. ती विजेवरच टिकते आणि वीज जाताच रिकामी होते. ‘सेव्ह’ ही आज्ञा दिल्यावरच मजकूर हार्ड डिस्कवर उतरतो. डिस्कवर लेखन चालू असतानाच वीज गेली, तर पूर्वी जतन केलेली फाईलही बिघडू शकते.

वीज का जाते, हे आपणांस सांगावयास नकोच. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षे आपण सर्वांनी काढली आहेत. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी जोडले गेले. मोठे जाळे असे भक्कम झाले, तरी आपल्या चिकित्सालयाची वीज शेवटी गल्लीतील रोहित्रावर आणि उघड्या तारांवर अवलंबून असते. वळवाच्या वाऱ्यात एक फांदी पडली की पुरे.

यूपीएस आणि इन्व्हर्टर

यूपीएस हे दिवसभर काम करण्याचे साधन नव्हे. साधारण ६०० व्हीएचा यूपीएस एका संगणकास दहा-पंधरा मिनिटे देतो. तेवढ्यात काम जतन करून संगणक रीतसर बंद करावा. त्यावर लेझर प्रिंटर जोडू नये; तो क्षणात मोठा भार ओढतो. इंटरनेटवर काम होत असेल, तर राऊटरही यूपीएसवर घ्यावा.

घरगुती इन्व्हर्टरवर विसंबणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी. साध्या स्थितीत वीज बदलून घेण्यास त्याला वेळ लागतो आणि तेवढ्यात संगणक बंद पडू शकतो. अनेक इन्व्हर्टरांवर ‘यूपीएस’ स्थितीचे बटण असते. ते त्या बाजूस ठेवावे.

बॅटरी उष्णतेने लवकर क्षीण होते. सोलापूर जिल्ह्यातील उन्हाळा ध्यानात घेऊन यूपीएस पत्र्याखाली किंवा भट्टीघराच्या भिंतीलगत ठेवू नये. दर महिन्यास सर्व काम जतन करून यूपीएसचा मुख्य पुरवठा काढून पाहावा. दोन-तीन मिनिटांतच तो थकत असेल, तर बॅटरी बदलण्याची वेळ झाली असे समजावे.

संगणकाची दिनचर्या

१. नवी फाईल उघडताच तिला नाव देऊन जतन करावी, लेखन नंतर. कोऱ्या नमुन्यावर लिहावयाचे असल्यास आधी ‘सेव्ह ॲज’ करावे, म्हणजे नमुना पुसला जाणार नाही.

२. प्रत्येक परिच्छेदानंतर ‘कंट्रोल’ व ‘एस’ या कळा एकत्र दाबाव्यात. रुग्णपत्रकात प्रश्नपरीक्षा संपली की एकदा, नाडीपरीक्षेनंतर पुन्हा, असा क्रम ठेवल्यास सवय लवकर जडते.

३. वर्डमध्ये ‘फाईल – ऑप्शन्स – सेव्ह’ येथे ऑटोरिकव्हरचा अवधी सामान्यतः १० मिनिटे असतो. तो २ मिनिटे करावा. हे साहाय्य आहे, जतन करण्यास पर्याय नव्हे.

४. चुकून मजकूर पुसला गेल्यास गडबडून फाईल बंद करू नये. ‘कंट्रोल’ व ‘झेड’ दाबल्यास तो बहुधा परत येतो.

५. फाईल जतन न करता बंद झाली असल्यास वर्डच्या ‘फाईल – इन्फो’ विभागात ‘रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स’ हा मार्ग आहे. तेथे मिळालेली प्रत लगेच नव्या नावाने जतन करावी.

६. संकेतस्थळावरील लांब अर्ज भरताना मजकूर आधी वेगळ्या फाईलमध्ये लिहावा आणि मग तेथे चिकटवावा.

दिवसाअखेर सर्व नोंदींची एक प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून वेगळ्या जागी ठेवावी. महिन्यातून एकदा त्या प्रतीतील एखादी फाईल उघडून पाहावी. न उघडणारी प्रत निरुपयोगी होय.

आम्ही स्वतः त्या दिवसापासून टेबलावर एक वही ठेवली आहे. नाडी, जिव्हा आणि पुटाचा क्रमांक एवढे तीनच विषय आम्ही प्रथम तीत लिहितो व नंतर संगणकावर घेतो. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी, असे आपण रुग्णास नित्य सांगतो. आपल्या नोंदींबाबतही तेच पथ्य पाळावे, ही नम्र विनंती.