मुरूम आणि पोटातून घेण्याची प्रतिजैविके

वयात येताना त्वचेतील तैलग्रंथी जास्त तेल स्रवतात. छिद्रे बुजतात, आत जंतू वाढतात व मुरूम उठतात. ते फार असल्यास डॉक्टर डॉक्सिसायक्लीनसारखे प्रतिजैविक पोटातून देतात. त्याने जंतूंची वाढ रोखली जाते, दाहही ओसरतो. मात्र गुण येण्यास काही आठवडे लागतात.

पण या औषधाने त्वचा उन्हातील अतिनील किरणांना हळवी होते. आमच्या पुसेगावच्या वैशाखात चेहरा सहज भाजू शकतो! शिवाय औषध दीर्घकाळ घेतल्यास दुर्बळ जंतू हटतात, दाद न देणारे वाढतात. पुढे गंभीर आजारातही ते लागू पडेनासे होऊ शकते. म्हणूनच सोबत बेंझॉइल पेरॉक्साइडचा लेप देऊन डॉक्टर सहसा ३-४ महिन्यांत गोळ्या थांबवतात. मित्राच्या उरलेल्या गोळ्या कधीही घेऊ नका.