रिकाम्या कडांचे काय करावे? : चित्रफितीतील धूसर पार्श्वभूमी

काही काळापूर्वी एका धर्मग्रामातील कुटुंबाने आजीच्या प्रथम स्मृतिदिनी, मिस्साबलिदानानंतर, सभागृहात तिची जुनी चित्रफीत दाखविली. १९८९ साली धाकट्या मुलाच्या लग्नात व्हीएचएस कॅसेटवर झालेले ते चित्रीकरण होते. लाल लुगड्यातील आजी सुनेला ओवाळीत होती. परंतु पडद्यावर ती ठेंगणी, रुंद, गाल पसरलेली अशी दिसत होती. थोरली मुलगी हळूच म्हणाली, "ही आमची आई नाही." ती फीत संगणकावर बसवून देणारा प्रस्तुत लेखकच होता. जुने चित्र नव्या पडद्यावर पुरे बसावे म्हणून त्याने ते आडवे ताणले होते.

आपल्या घराघरांतून अशा कॅसेटी आहेत. आज ज्येष्ठ मंडळी आपल्यातून जात असताना त्या संगणकावर उतरविल्या जात आहेत. दुसरीकडे तरुण मुले सणाची मिरवणूक, प्रथम कम्युनियनचा सोहळा मोबाइल उभा धरून टिपतात. दोन्ही ठिकाणी अडचण एकच. चित्राचा आकार आणि पडद्याचा आकार जुळत नाही.

हे आकार का बदलले हे थोडे पाहू. जुन्या चित्रपटांची आणि त्यांच्यामागून आलेल्या दूरदर्शन संचांची चौकट साधारण चारास तीन, म्हणजे जवळजवळ चौरस होती. १९५० नंतर अमेरिकेत घरोघरी दूरदर्शन संच आले, प्रेक्षक चित्रपटगृहाकडे फिरकेनात, तेव्हा निर्मात्यांनी पडदा रुंद केला. सिनेमास्कोप या रुंद पद्धतीचा पहिला प्रदर्शित चित्रपट १९५३ सालचा 'द रोब' होय. येशूच्या वस्त्रासाठी चिठ्ठ्या टाकणाऱ्या रोमन अधिकाऱ्याची ती कथा आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. पुढे दूरदर्शन संचांसाठी सोळास नऊ हे मधले प्रमाण ठरले आणि आज आपल्या भिंतीवरचा संच त्याच प्रमाणाचा आहे. मोबाइल उभा धरला की मात्र तेच प्रमाण उलटे होते, नवास सोळा.

आता थोडे गणित. आजचा नेहमीचा पडदा १९२० बिंदू रुंद व १०८० बिंदू उंच असतो. जुने चारास तीन चित्र त्यावर पूर्ण उंचीने ठेवले तर ते १४४० बिंदू रुंदी घेते आणि दोन्ही बाजूंस २४० बिंदूंच्या पट्ट्या रिकाम्या राहतात. मोबाइलचे उभे चित्र तर केवळ ६०८ बिंदू रुंदी घेते. म्हणजे पडद्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग मोकळाच!

हा मोकळा भाग भरण्यासाठी चित्र ताणले तर काय होते ते वर सांगितलेच. चेहरे एक-तृतीयांशाने रुंद होतात. चित्र प्रमाणात मोठे करून वरखाली कापले तर उंचीचा चौथा हिस्सा गमवावा लागतो. वर धर्मगुरूंचा आशीर्वादाचा हात जातो, खाली पाटावर बसलेली मुले जातात. काळ्या पट्ट्या ठेवणे प्रामाणिक असते, पण उभ्या चित्राभोवती त्या फार मोठ्या वाटतात आणि सभागृहातील प्रोजेक्टरवर काळ्याऐवजी मळकट करड्या दिसतात.

धूसर पार्श्वभूमीची युक्ती येथे कामी येते. वृत्तवाहिन्यांवर प्रेक्षकांनी पाठविलेली मोबाइलची दृश्ये आपण अशीच पाहतो. मध्ये मूळ चित्र, बाजूंना त्याच चित्राचे पुसट रंग. कृती अशी आहे. संकलनाच्या प्रणालीत तीच चित्रफीत दोनदा ठेवावी, एक वरच्या थरात, एक खालच्या. वरची आहे त्या प्रमाणात राहू द्यावी. खालची पडदा भरेपर्यंत मोठी करावी. उभ्या चित्राला त्यासाठी तिपटीहून थोडे अधिक वाढवावे लागते. मग खालच्या थरावर 'गॉसियन ब्लर' हा परिणाम लावावा, तिचा उजेड सुमारे एक-तृतीयांशाने उतरवावा आणि रंगही किंचित फिके करावेत. खालच्या थराचा आवाज बंद करण्यास विसरू नये, अन्यथा तेच गायन दुप्पट जोराने ऐकू येते. शॉटकटमध्ये 'ब्लर: पॅड', केडेनलाइव्हमध्ये 'पिलर इको', दा विंची रिझॉल्व्हमध्ये 'ब्लँकिंग फिल' अशा नावांनी हे काम तयार मिळते. मोबाइलवरील इनशॉटमध्येही ही सोय आहे.

या ब्लरला जर्मन गणिती कार्ल फ्रीडरिश गाउस (१७७७–१८५५) यांचे नाव आहे. प्रत्येक बिंदूचा रंग काढून त्याच्या जागी शेजारच्या बिंदूंच्या रंगांची सरासरी ठेवली जाते. जवळच्या शेजाऱ्याला अधिक मान, दूरच्याला कमी, आणि हा मान घंटेच्या आकाराच्या वक्ररेषेप्रमाणे उतरत जातो. एका बिंदूसाठी १०१ गुणिले १०१ चा शेजार धरला तर १०,२०१ बिंदू मोजावे लागतील. परंतु या वक्ररेषेचा गुण असा की आधी आडवी व मग उभी सरासरी काढली तरी उत्तर तेच येते. मग २०२ बिंदू पुरतात. साधा घरगुती संगणकही हे काम करू शकतो तो यामुळेच.

नवशिक्यांच्या हातून होणाऱ्या चुकांपैकी सर्वात मोठी म्हणजे ब्लर कमी ठेवणे. मागे ओळखू येईल असा अवाढव्य चेहरा दिसत राहिला तर डोळा तिकडेच जातो. शिवाय मिरवणुकीत कॅमेरा हलला की मागचे वाढविलेले चित्र तिपटीने हलते आणि पाहणाऱ्यास घेरी येते. अशा वेळी मागे एकच स्थिर क्षण गोठवून ठेवावा. ब्लर कडेशी बाहेरचा काळोखही सरासरीत घेतो, म्हणून खालची प्रत गरजेपेक्षा थोडी अधिकच मोठी करावी.

जुन्या कॅसेटींचे काम अधिक नाजूक आहे. आपल्याकडील पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे, प्रत्येक दोन अर्ध्या भागांत नोंदलेली असत. हे भाग आधी एकजीव केले नाहीत तर हलणाऱ्या हातांवर फणीच्या दातांसारख्या रेघा दिसतात. संगणकावर उतरलेली चौकट ७२० गुणिले ५७६ अशी असते, पण तिचे बिंदू चौरस नसतात. ती ७६८ गुणिले ५७६ धरूनच दाखवावी, नाहीतर माणसे थोडी कृश दिसतात. तळाशी थरथरणारी पट्टी असते, तीही ब्लर करण्यापूर्वी कापावी.

ही युक्ती सर्वत्र वापरावी काय? लेखकाला तसे वाटत नाही. सणाच्या मोबाइल दृश्यांना ती शोभते. दिवंगत माणसाच्या स्मृतीसाठी मात्र काळ्या पट्ट्याच बऱ्या. तेथे त्या चेहऱ्याशेजारी रंगांची हालचाल कशाला? आजीची ती फीत नंतर तशीच, खऱ्या प्रमाणात, दोन्ही बाजूंस काळे ठेवून पुन्हा बसविली. थोरल्या मुलीने ती घरी दोनदा पाहिली.

सजविलेली प्रत कोणतीही असो, कॅसेटवरून उतरविलेली मूळ फाइल पट्ट्या, ब्लर, काटछाट काहीही न करता निदान दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी. त्यांपैकी एक दुसऱ्या घरी असावी.