जवळचे रुग्णालय मागे टाकणारी रुग्णवाहिका

छातीत कळ आली की रुग्णाला सर्वांत जवळच्या रुग्णालयात न्यावे, ही समजूत आपल्या मनात इतकी पक्की आहे की डेन्मार्कमधील व्यवस्था प्रथमदर्शनी उफराटीच वाटते. तेथे हृदयविकाराचा तीव्र झटका आलेल्या रुग्णाला घेऊन निघालेली रुग्णवाहिका वाटेतील लहान रुग्णालय ओलांडून पुढे जाते, आणि तेही ठरवून.

हृदयाची रोहिणी गुठळीमुळे पूर्ण बंद झाली, तर ती उघडण्याचे दोन मार्ग आहेत. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लहान रुग्णालयातही देता येते. तातडीच्या अँजिओप्लास्टीसाठी मात्र कॅथलॅब आणि अहोरात्र सज्ज असलेले पथक लागते. मग दूरच्या प्रवासात जाणारा वेळ रुग्णाला परवडतो का? ‘डानामी-२’ या डॅनिश चाचणीने नेमका हाच प्रश्न तपासला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, लहान रुग्णालयांत दाखल झालेल्या १,१२९ रुग्णांपैकी ज्यांना तेथेच इंजेक्शन दिले, त्यांच्यात तीस दिवसांत मृत्यू, पुन्हा झटका किंवा अपंगत्व आणणारा पक्षाघात यांपैकी काही घडण्याचे प्रमाण १४.२ टक्के होते. अँजिओप्लास्टीसाठी मोठ्या केंद्रात हलवलेल्यांत ते ८.५ टक्के होते. हा लाभ मुख्यत्वे पुन्हा झटका टळल्याचा होता. मृत्यूंतील फरक ठळक नव्हता, हेही सांगितले पाहिजे. विशेष म्हणजे हलवलेल्यांपैकी ९६ टक्के रुग्ण दोन तासांच्या आत पोहोचले होते.

या निष्कर्षांवर पुढे देशभराची घडी बसली. ११२ क्रमांकावर दूरध्वनी येताच रुग्णवाहिका निघते. तिच्यातील कर्मचारी रुग्णाचा ईसीजी जागेवरच काढून हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवतात. निदान पक्के झाले की रुग्ण वाटेत असतानाच कॅथलॅबमधील पथक तयारीला लागते आणि रुग्ण तातडीच्या विभागात न थांबता थेट टेबलावर जातो. सुमारे साठ लाख लोकसंख्येच्या या देशात अशी केंद्रे मोजकीच ठेवली आहेत. त्यामुळे प्रत्येक केंद्राचा हात सतत चालता राहतो. दुपारी तीन वाजता आणि पहाटे तीन वाजता उपचार सारखेच मिळावेत, याची ही तजवीज मला महागड्या यंत्रांपेक्षा मोलाची वाटते.

अर्थात डेन्मार्क लहान, सपाट देश आहे. रस्ते उत्तम आहेत आणि बेटांसाठी हेलिकॉप्टरही आहेत. आपल्या दुर्गम तालुक्यांत हे जसेच्या तसे चालणार नाही. निदानानंतर दोन तासांत अँजिओप्लास्टी शक्य नसेल, तर इंजेक्शन द्यावे आणि मग रुग्णाला मोठ्या केंद्रात हलवावे, असे युरोपातील मार्गदर्शक सूचनाही सांगतात. इंजेक्शन ‘जुने’ म्हणून नाकारणाऱ्या नातेवाइकांनी हे ध्यानात घ्यावे. आपल्याकडे १०८ ला बोलावण्याआधी पित्ताची गोळी घेऊन तासभर वाट पाहिली जाते. तो तास मात्र डेन्मार्कच्या व्यवस्थेलाही भरून काढता आला नसता.