‘कोरणे’, ‘छापणे’ आणि ‘मुद्रा’ : चिनी मातीच्या मगावरील राजप्रतिमा

वस्तूचे नाव कळले म्हणजे वस्तू कळली असे होत नाही. परंतु नाव चुकले तर तिचा इतिहासही चुकतो. चिनी मातीच्या मगावर राजाचे ‘कोरीव चित्र’ आहे, अशी नोंद एखाद्या संग्रहाच्या सूचीत आढळल्यास मगाचा पृष्ठभागच खोदला असावा, असा मराठी वाचकाचा समज होईल. वस्तुस्थिती निराळी आहे. तिचा उलगडा करण्यास एक प्रसिद्ध उदाहरण उपयोगी पडेल.

इंग्लंडमधील वुस्टर येथे चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना इ. स. १७५१ मध्ये स्थापन झाला. तेथे तयार झालेल्या एका प्रकारच्या मगांवर प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याची काळ्या रंगातील प्रतिमा असून १७५७ हे साल घातलेले आहे. बाजूस शस्त्रास्त्रे व ध्वज आहेत आणि ध्वजांवर लढायांची नावे आहेत. मूळ चित्र रॉबर्ट हॅन्कॉक या कारागिराने कोरले. फ्रेडरिक हा इंग्लंडचा राजा नव्हे. सप्तवार्षिक युद्धातील तो इंग्लंडचा मित्र होता. प्लासीची लढाई झाली ती याच वर्षी, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

हॅन्कॉकने कोरले ते मगावर नव्हे, तांब्याच्या पत्र्यावर. पत्र्यावरील बारीक रेषांत भट्टीत टिकणारा रंग भरीत आणि त्यावर पातळ कागद दाबून ठसा घेत. रंग ओला असतानाच तो कागद झिलई दिलेल्या मगावर चिकटवीत, चोळीत आणि काढून घेत. मग पुन्हा भट्टीत घातला म्हणजे रंग पक्का होई. ग्रंथातील चित्रासाठी पत्र्यावर अक्षरे उलटी कोरावी लागतात, कारण कागदावर ती सुलटतात. येथे मात्र प्रतिमा पत्र्यावरून कागदावर व कागदावरून मगावर अशी दोनदा उलटते. म्हणून अक्षरे सुलटीच कोरावी लागत. एका पत्र्यावरून अनेक मग सजविता येत. एकेक भांडे हाताने रंगविण्याचे श्रम त्यामुळे वाचले.

यावरून शब्दांची वाटणी आपोआप होते. ‘कोरणे’ ही क्रिया पत्र्याची, ‘उतरविणे’ ही कागदाची आणि ‘छाप’ ही मगाची. कोरण्यात द्रव्य काढून टाकले जाते. छापण्यात ते वर बसविले जाते.

वर्धा जिल्ह्याच्या इतिहासाकडे वळल्यास याच शब्दकुलाची दुसरी बाजू दिसते. हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. त्यांच्या रुपयावर मोगल बादशहाचे नाव फारसी अक्षरांत असे, चेहरा नसे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या शिवराईवरही अक्षरेच आहेत. राजसत्तेची खूण नावाने करावी, ही येथील रूढी होती. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६२ मध्ये वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला. ब्रिटिश राजशासनाच्या नावाने व्हिक्टोरिया राणीच्या प्रतिमेचा रुपया निघू लागला तोही १८६२ मध्येच. लोकांनी त्यास ‘राणीछाप’ म्हटले.

‘राणीछाप’ या समासात ‘छाप’ हा शब्द अचूक आहे काय? नाण्यावरील प्रतिमा पोलादी ठशाच्या दाबाने धातूतूनच वर उठते. तिला बोट लावले तर उठाव जाणवतो. मगावरील प्रतिमेला तो नसतो. तांत्रिक दृष्ट्या नाण्यास ‘ठसा’ आणि मगास ‘छाप’ म्हणणे अधिक योग्य होय. तथापि लोकांनी ‘छाप’ हा शब्द ओळखीची खूण या व्यापक अर्थाने घेतला.

येथे एक भेद मात्र दृष्टिआड होऊ नये. नाण्यावरील चेहरा राज्याच्या आज्ञेने येतो. सारा भरणाऱ्या शेतकऱ्याला तो रुपया नाकारता येत नसे. मगावरील चेहरा ग्राहकाच्या आवडीने येतो. विकत घेणारा तो नाकारू शकतो. दोन्ही प्रतिमा राजाच्याच, पण एकीमागे सत्ता आहे आणि दुसरीमागे बाजार. म्हणून घरात राजाच्या चित्राचे भांडे आढळले, एवढ्यावरून त्या घराची राजनिष्ठा सिद्ध होत नाही. नाण्यावरील चेहऱ्याचा अधिकार संपला, तेव्हा राज्याच्याच निर्णयाने १९५० च्या नाण्यांवर त्याच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. मगाला असा निर्णय लागू होत नाही. तो फुटेपर्यंत फडताळात राहू शकतो.

‘मुद्रा’ या शब्दात शिक्का, नाणे आणि चेहऱ्यावरील भाव हे तिन्ही अर्थ आहेत. ‘मुद्रण’ही त्याच कुळातले. शब्द व्यापक आहे म्हणूनच सूचीत तो एकटा पुरेसा नाही. ‘तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून छापलेली राजप्रतिमा असलेला, चिनी मातीचा मग’ असे वर्णन लांब वाटेल. परंतु त्यात कृती, साधन व द्रव्य यांची सत्य नोंद राहते. चिनी माती ठिसूळ असते. वस्तू फुटल्यावर तिच्याविषयी उरते ते वर्णनच, आणि पुढील अभ्यासकाला त्यावरच विसंबावे लागते.