सिग्नल भरपूर, पण काम होईना : वायफायच्या डब्याची तारेकडची बाजू
(ऊस विकास विभागाकडून)

सभासद बंधू-भगिनींनो,

अलीकडे मळ्यावरच्या वस्तीतही वायफाय आले आहे. ठिबकचे व्हॉल्व्ह मोबाईलवरून उघडणारी यंत्रे बसली, पंपघरावर कॅमेरे लागले. सोय झाली हे खरे. परंतु ऊस नोंदीसाठी गटात फिरताना एक तक्रार हमखास कानावर येते. "साहेब, मोबाईलवर रेघा सगळ्या भरलेल्या दिसतात, पण चालत काहीच नाही." मग सभासद बाजारात जातात आणि आणखी मोठ्या अँटेनाचा डबा घेऊन येतात. पैसे जातात, तक्रार आहे तिथेच राहते. तिकडे रात्रीची वीज येऊन जाते, व्हॉल्व्ह उघडलेला नसतो आणि उसाची पाण्याची पाळी चुकते. म्हणून हा विषय आपल्या अंकात घेतला आहे.

रेघा काय सांगतात?

वायफाय देणाऱ्या डब्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. त्याला दोन बाजू असतात. एक हवेची, जिच्यावर आपला मोबाईल जोडला जातो. दुसरी तारेची, जिच्यातून तो घरातल्या मुख्य राऊटरला जोडलेला असतो. मोबाईलवरच्या रेघा फक्त हवेच्या बाजूचे सांगतात. तारेच्या बाजूला काय चालले आहे हे त्यांना ठाऊक नसते. लॅटरल कितीही चांगल्या असल्या तरी मेन लाईन फुटलेली असेल तर उसाला पाणी पोचेल का? तसेच हे आहे.

आधी तार बघा

या तारेच्या पद्धतीला इथरनेट म्हणतात. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी तिची सुरुवात केली. आज आपण वापरतो त्या तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे. घरापासून पंपघर त्याहून लांब असेल तर मध्ये स्विच बसवावा किंवा फायबर टाकावी. उघड्या रानातून जायचे असेल तर फायबरच बरी, कारण तिच्यातून वीज वाहत नाही. वळवाच्या विजांचा धोका कमी होतो.

केबल शुद्ध तांब्याची घ्यावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त पडते, पण त्याच केबलमधून डब्याला वीजही द्यायची असेल तर ती दगा देते. मोटारीच्या वायरीला लगटून केबल नेऊ नये. डब्याला वीज देणारा जोड त्याच्यासोबत आलेलाच वापरावा. दुसऱ्याचा लावला आणि दाब वेगळा निघाला, तर डबा जळूही शकतो.

पत्त्याची नोंद

तारेवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता लागतो. एका गावात एकच गट नंबर दोन शेतांना दिला तर काय गोंधळ होईल हे आपणांस सांगायला नको. इथेही तसेच आहे. समजा, मुख्य राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे आणि तो घरातल्या मोबाईलना १०० ते २०० पर्यंतचे आकडे वाटतो. तर ॲक्सेस पॉइंटच्या तारेच्या बाजूच्या पानावर पुढीलप्रमाणे भरावे. (यंत्रात मात्र इंग्रजी अंक टाकावेत.)

१. पत्ता देण्याची पद्धत : स्टॅटिक, म्हणजे कायमचा.
२. आयपी पत्ता : १९२.१६८.१.१०. शेवटचा आकडा वाटपाच्या बाहेरचा असावा आणि दुसऱ्या कोणा यंत्राला दिलेला नसावा.
३. सबनेट मास्क : २५५.२५५.२५५.०. पहिले तीन आकडे गावाचे आणि शेवटचा घराचा, असा त्याचा अर्थ.
४. गेटवे : १९२.१६८.१.१, म्हणजे मुख्य राऊटर. गावाबाहेर जाण्याची वेस.
५. डीएनएस : बहुतेक घरांत हाही राऊटरचाच पत्ता चालतो. नावावरून पत्ता शोधून देणे हे त्याचे काम.

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठीच राखून ठेवले आहेत. त्यामुळे शेजाऱ्याच्या घरात हेच आकडे असले तरी हरकत नाही. आपल्या एका घरात मात्र दोनदा येता कामा नयेत.

एका पाटाला एकच पाटकरी

मोबाईलना पत्ते वाटण्याच्या कामाला डीएचसीपी म्हणतात. हे काम मुख्य राऊटरचे. पुष्कळ जण जुना राऊटरच ॲक्सेस पॉइंट म्हणून लावतात आणि तोही आपले वाटप चालू ठेवतो. एका पाटावर दोन पाटकरी नेमले तर बारी कोणाची हेच कळत नाही. मोबाईलला चुकीच्या वेशीचा पत्ता मिळतो आणि रेघा भरलेल्या असूनही इंटरनेट बंद! म्हणून जुना राऊटर लावताना त्यातली डीएचसीपी बंद करावी, त्याचा स्वतःचा पत्ता बदलावा आणि केबल वॅन नव्हे तर लॅन लिहिलेल्या तोंडात घालावी.

वेग आणि व्हीलॅन

वेगाच्या जागी 'ऑटो' ठेवावे, आणि दोन्ही टोकांना ठेवावे. एका टोकाला वेग पक्का बांधला आणि दुसरे ऑटोवर राहिले, तर एक टोक एकाच वेळी बोलते व ऐकते, दुसरे आळीपाळीने. मग छोटा निरोप जातो, पण कॅमेऱ्याचे चित्र अडखळते. १००० चा वेग यायला हवा आणि १०० च येत असेल, तर केबलच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटली असावी. दोन्ही टोकांचे क्लिप पुन्हा करून घ्यावेत. व्हीलॅनचा आकडा स्विचवर कोणी मुद्दाम ठरवला नसेल तर आहे तसाच ठेवावा. तिथे भलता आकडा पडला तर डब्याचे पानच उघडेनासे होते, मग रिसेटचे बटण दाबून सगळे पहिल्यापासून करावे लागते.

कामाचा क्रम

डबा खांबावर चढवण्यापूर्वी टेबलावरच सगळे भरून घ्यावे. लॅपटॉप केबलने जोडून डब्यावर छापलेला पत्ता उघडावा. उघडत नसेल तर लॅपटॉपला तात्पुरता त्याच ओळीतला पत्ता द्यावा. आकडे साठवले की पान अडकल्यासारखे दिसते. घाबरू नये, डब्याचा पत्ता बदललेला असतो, आता नवा पत्ता उघडायचा. मूळचा पासवर्डही त्याच वेळी बदलावा.

मग मोबाईलचा डेटा बंद करून वायफायवर तपासावे. राऊटरचे पान उघडले नाही तर दोष केबलचा किंवा पत्त्याचा. ते उघडले पण बाहेरचे काहीच चालले नाही, तर दोष राऊटरच्या पुढे आहे. तिथे नवा डबा आणून उपयोग नाही.

शेवटी, भरलेले सगळे आकडे एका वहीत तारखेनिशी लिहून ठेवावेत. खताची नि पाण्याची नोंद आपण ठेवतो, त्याच वहीचे शेवटचे पान यासाठी पुरेसे आहे. बसवणारा मुलगा उद्या पुण्याला नोकरीला गेला तरी आपला पंप अडता कामा नये. तरी नवा डबा घेण्यापूर्वी सभासदांनी तारेची बाजू एकदा तपासून घ्यावी, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी