हुन्नर वाटल्याने घटतो का?

शेख सादींच्या 'गुलिस्तान'मधली पहिलवानाची हिकायत आपल्या घरांतील जुन्या माणसांना ठाऊक असते. ३६० डाव जाणणाऱ्या उस्तादाने आपल्या शागिर्दाला ३५९ शिकवले आणि एक राखून ठेवला. पुढे शागीर्द उलटला, तेव्हा त्याच एका डावाने उस्तादाने त्याला चीत केले. गोष्ट राजदरबारातली, पण तिचा धडा गॅरेजमध्ये, शिंप्याच्या दुकानात, वेल्डिंगच्या गाळ्यात आणि भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर फार मनापासून पाळला गेला आहे. कापणीचे काम आले की शागिर्दाला चहा आणायला पाठवणारे उस्ताद आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल हाताच्या हुन्नरावर पेटते. शेती नाही, पदवी नाही, जे काही आहे ते बोटांत आहे. ते दुसऱ्याला दिले तर उद्या तोच समोर दुकान टाकील, ही भीती खोटी नाही.

आणि तरीही आज काही निराळेच दिसते. तोच कारागीर रात्री शटर ओढल्यावर फोनवरच्या ग्रुपमध्ये मोबाइलच्या बोर्डाचा फोटो टाकतो आणि विचारतो, "चार्जिंगला लावला की इथे गरम होतो, काय असेल?" कधी न भेटलेला दुसऱ्या गावचा कोणी त्याच फोटोवर लाल गोल काढून उत्तर देतो. पैसे मागत नाही. एक डाव राखून ठेवणारी माणसे अशी कशी वागू लागली?

याचे चांगले उत्तर आम्हाला झेरॉक्सवाल्यांच्या हकीकतीत सापडले. आपल्याकडे झेरॉक्स म्हणजे कागदाची नक्कल. अमेरिकेत ते ती यंत्रे बनवणाऱ्या कंपनीचे नाव. या कंपनीत ज्युलियन ऑर नावाचे संशोधक होते, जे आधी स्वतः यंत्र दुरुस्त करणारे कारागीर होते. १९८० च्या दशकात ते दुरुस्तीवाल्यांच्या मागे मागे फिरले. कंपनीची समजूत अशी होती की यंत्र बिघडले की ते एक आकडा दाखवते, कारागिराने जाड पुस्तकात तो आकडा पाहावा आणि लिहिल्याप्रमाणे करावे. प्रत्यक्षात यंत्र कधी भलताच आकडा दाखवी. पुस्तकाप्रमाणे भाग बदलला तरी बिघाड तसाच राही. मग दोन कारागीर यंत्रासमोर बसून एकमेकांना जुन्या गोष्टी सांगत. अमक्या कार्यालयातले यंत्र असेच वागत होते, तिथे शेवटी काय निघाले होते? गोष्टीला गोष्ट जोडत ते खऱ्या बिघाडापर्यंत पोहोचत, आणि तीच हकीकत पुढे जेवणाच्या टेबलावर बाकीच्यांना सांगितली जाई. वरिष्ठांना जो वेळ गप्पांत वाया जातो असे वाटे, तीच त्यांची शाळा होती. ऑर यांचे पुस्तक १९९६ मध्ये आले.

कंपनीने मग डेन्व्हर भागातल्या कारागिरांच्या हाती दुतर्फी रेडिओ दिले. एकाने अडचण सांगितली की सगळे ऐकत. नवखा काही न बोलता नुसता ऐकत राहिला तरी शिकत होता. पुढे १९९० च्या दशकात फ्रान्समधून 'युरेका' नावाची व्यवस्था सुरू झाली. कारागिराने आपली युक्ती लिहून पाठवायची, जाणकार कारागिरांनी ती तपासायची आणि खरी ठरली तर ती सगळ्यांसाठी खुली व्हायची. युक्तीमागे पैसे द्यावेत असा विचार निघाला, तेव्हा कारागिरांना त्याहून आपले नाव युक्तीखाली असणे मोलाचे वाटले. आम्हाला या सगळ्या हकीकतीत हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. राखून ठेवलेल्या डावाला नाव मिळत नाही, सांगितलेल्याला मिळते.

गप्प राहून ऐकणाऱ्या नवख्याबद्दल थोडे अधिक बोलायला हवे, कारण घरात त्याच्यावरूनच वाद होतात. "पोरगी दिवसभर फोनमध्ये डोके घालून बसते, म्हणे शिलाई शिकते!" जीन लेव्ह या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियाच्या मनरोव्हिया शहरात वाई आणि गोला जमातींच्या शिंप्यांकडे शागिर्दी कशी चालते ते वर्षानुवर्षे पाहिले. वाई लोक बहुतेक मुसलमान. तिथे शागिर्दाला पहिल्या दिवशी कात्री मिळत नसे. आधी इस्त्री, काजे-बटणे, हातशिलाई. मग मशीनवरची शिवण. कापणी सर्वांत शेवटी. म्हणजे कपडा बनण्याचा क्रम उलटा. कपडेही आधी टोप्या, आतले कपडे आणि लहान मुलांचे, सूट फार पुढे. कोणी फळ्यावर शिकवत नसे, तरी बहुतेक सगळे शागीर्द पुरते शिंपी होऊन बाहेर पडत. लेव्ह आणि त्यांचे सहकारी एटिएन वेंगर यांनी १९९१ च्या पुस्तकात यावरूनच मांडले की माणूस कडेला उभा राहून, छोटे पण खरे काम करत, हळूहळू आत सरकतो आणि शिकतो.

आपल्याकडच्या कितीतरी मुलींना आणि सुनांना ही कडच मिळत नव्हती. पुरुष कारागिरांच्या दुकानात त्या चार तास उभ्या राहणार कशा? घरी ब्लाउज-ड्रेस शिवणाऱ्या बाईला मुंढ्याला चुणी का पडते हे विचारायला शेजारची एखादी खाला असली तर असली. आज ती फोटो टाकून विचारू शकते, आणि विचारायचा धीर होईपर्यंत महिनोन्‌महिने दुसऱ्यांचे प्रश्न वाचू शकते. अम्मीने एवढे जरूर पाहावे की ती नुसती बघते की बघून कापडावर हात चालवते. कात्रीचा दाब आणि सोल्डरच्या टोकाची उब फोनमधून येत नाही.

सगळेच ग्रुप चांगले असतात असे नाही. काही महिन्या-दोन महिन्यांत क्लासच्या जाहिरातींनी भरून जातात. गिऱ्हाईक बाईंचा चेहऱ्यासकट फोटो टाकणे तर साफ गैर आहे. फक्त मुंढा दिसला तरी पुरे.

त्याहून मोठी अडचण म्हणजे उत्तर खरे की खोटे हे कळणार कसे? संगणकाचे काम करणाऱ्यांनी २००८ मध्ये सुरू झालेल्या 'स्टॅक ओव्हरफ्लो'वर यासाठी छान सोय ठेवली. उत्तरांना इतर जाणकार मते देतात, आणि ज्याने विचारले तो आपल्याला लागू पडलेल्या उत्तरावर बरोबरची खूण करतो. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे चॅटजीपीटीने लिहिलेली उत्तरे टाकायला बंदी करावी लागली. ती दिसायला नीटनेटकी असत आणि पुष्कळदा चुकीची निघत. त्यानंतर तिथे येणारे नवे प्रश्नही खूप घटले, कारण लोक आता यंत्रालाच एकांतात विचारतात. उत्तर मिळते, पण ते विचारणाऱ्याच्याच खिशात राहते. पुढच्याला ते सापडत नाही आणि चुकले असेल तर सांगणाराही कोणी नसतो.

आपल्या ग्रुपमध्ये मतांची सोय नसते, बरोबरची खूणही नसते. म्हणून प्रश्न टाकताना कापड कोणते, माप किती, आतापर्यंत काय करून पाहिले हे लिहावे. मोबाइल असेल तर मॉडेल आणि मल्टिमीटरवर आलेला आकडा. आणि काम झाल्यावर, बहुतेक लोक जे विसरतात, ते दोन ओळींत कळवावे: "मुंढा अर्धा इंच खोल घेतला, चुणी गेली." नाही गेली तर तेही. उत्तर देणाऱ्या बाई कदाचित दुसऱ्या जिल्ह्यात त्याची वाट पाहत असतात.