आतुरगृहाचे गुपित आणि ग्रामपंचायतीचे दप्तर

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात आचार्य शिष्याकडून जी प्रतिज्ञा घेतात, ती आमच्या वाचकांस परिचित आहे. रोग्याच्या घरी कसे जावे, तेथे मन व वाणी कोठे गुंतवावी, हे सांगतानाच आचार्यांनी एक स्पष्ट बंधन घातले आहे: रोग्याच्या घरातील गोष्टी बाहेर नेऊ नयेत. त्या काळी गुपित बाहेर जाण्याचा मुख्य मार्ग वैद्याची जीभ हाच होता. आज केसपेपर, नोंदवही, संगणक आणि भ्रमणध्वनी असे अनेक मार्ग झाले आहेत. त्यांपैकी कित्येक मार्ग स्थानिक स्वराज्य संस्थेच्या दप्तरापाशी जाऊन पोहोचतात. म्हणून नागरिकांची खासगी माहिती ग्रामपंचायत कशी हाताळते, हा विषय वैद्य व औषधालयांचे मालक यांनी आपला मानावा, असे आम्हांस वाटते.

कोनचे उदाहरण

कल्याणहून दुर्गाडीजवळचा पूल ओलांडला की भिवंडी तालुक्यातील कोन लागते. २०११ च्या जनगणनेने कोनचा समावेश ‘जनगणना नगरां’मध्ये केला. म्हणजे वस्ती शहरी वळणाची, पण कारभार नगरपालिकेचा नव्हे. भिवंडीचे यंत्रमाग व गोदामे यांमुळे या साऱ्या पट्ट्यात परप्रांतांतून आलेले, भाड्याच्या खोलीत दाटीने राहणारे कामगार मोठ्या संख्येने आढळतात. अशा गावात पंचायतीचे दप्तर केवळ घरपट्टीच्या आकारणीचे राहत नाही. जन्म, मृत्यू व विवाह यांच्या नोंदी, योजनांचे अर्ज आणि त्यांस जोडलेल्या आधारपत्राच्या, शिधापत्रिकेच्या व बँक पासबुकाच्या छायाप्रती, इतके सारे तेथे साठते. कोणाच्या घरी कोण आहे, कोण कशाने गेले, कोणास कोणते अनुदान मिळते, हे गावात सर्वांत अधिक याच कार्यालयास ठाऊक असते.

या माहितीत आता आरोग्याची भर पडली आहे. २०१८ च्या राजपत्रातील अधिसूचनेने क्षयरुग्णाची माहिती शासनास कळविण्याचे कर्तव्य वैद्यकांबरोबर औषधविक्रेत्यांवरही आले. ती माहिती ‘निक्षय’ या संगणकीय प्रणालीत जाते. २४ मार्च २०२३ रोजी ‘क्षयमुक्त पंचायत’ हा उपक्रम देशभर सुरू झाला आणि राजयक्ष्म्याचा प्रश्न थेट ग्रामपंचायतीच्या विषयपत्रिकेवर आला. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माग-कामगाराच्या जागी आपण स्वतःस ठेवून पाहावे. त्याचे नाव गावात फुटले, तर घरमालक खोली रिकामी करण्यास सांगेल, कारखान्यात काम मिळणार नाही, ही धास्ती त्यास असते. मग तो खोटा पत्ता देतो, अथवा किमान सहा महिन्यांचा औषधोपचार अर्ध्यावर टाकून गावी निघून जातो. अर्धवट उपचारांतून औषधांस दाद न देणारा क्षय उद्भवतो, हे आपण जाणतो. गुपित फुटल्याने रोग्याची अब्रू जाते एवढेच नव्हे, तर रोगही पसरतो.

वस्तुतः या उपक्रमात पंचायतीची कामगिरी हजार लोकसंख्येमागे किती तपासण्या झाल्या, किती रुग्ण आढळले अशा प्रमाणांवरून ठरते. ग्रामसभेपुढे मांडावयाचे ते आकडे. नावे मांडण्याचे कारण नाही. रुग्णास पोषणासाठी साहाय्य करणारा ‘निक्षय मित्र’ जोडून द्यावयाचा, तरी त्यासाठी रुग्णाची संमती घ्यावी लागते.

जुन्या कायद्याचे शहाणपण

खासगी माहिती जपण्याची कल्पना संगणकाबरोबर आली, असा एक समज आहे. तो खरा नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ मधील आहे. त्याच्या कलम १७ प्रमाणे मृत्यूच्या नोंदीचा उतारा मागणाऱ्यास देता येतो. मात्र त्यात मृत्यूचे कारण उघड करता येत नाही. नोंदणीच्या नमुन्याचे भागही दोन आहेत. नाव, दिनांक, स्थळ इत्यादी वैधानिक माहिती नोंदवहीत राहते. धर्म, व्यवसाय, तंबाखू वा मद्याचे व्यसन अशी सांख्यिकी माहिती वेगळी काढून केवळ संख्याशास्त्रीय कामासाठी वापरली जाते. ज्या कामासाठी जी माहिती घेतली, ती त्याच कामास वापरावी, हे तत्त्व या रचनेतच आहे.

अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या वैद्यकाने मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र द्यावयाचे असते. घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४-अ आहे. २०२३ च्या सुधारणेने या प्रमाणपत्राची प्रत निकटच्या नातेवाइकास देण्याची तरतूद केली. ही प्रत नातेवाइकाच्या हाती जावी. अंत्ययात्रेच्या गर्दीत हातोहात फिरू नये. कायद्याने निबंधकाचे तोंड बांधले आहे. आपले तोंड प्रतिज्ञेने बांधले गेले आहे.

साथीने दिलेला धडा

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात गृहविलगीकरणातील व्यक्तींच्या डाव्या हातावर शिक्के मारण्यात आले. अनेक ठिकाणी बाधितांच्या दारांवर फलक लागले आणि नावांच्या याद्या भ्रमणध्वनीवरून गावोगाव फिरल्या. हेतू संसर्ग रोखण्याचा होता. परिणाम असा झाला की, ताप आलेला मनुष्य तपासणीस जाण्याऐवजी घरात लपू लागला. सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२० रोजी स्पष्ट केले की, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा आदेश असल्याखेरीज घरांवर असे फलक लावू नयेत. त्या दिवसांत आपल्यापैकी कित्येकांच्या चिकित्सालयांत रुग्ण ‘नोंद करू नका’ अशी विनवणी करीत होते, याचा विसर पडू नये.

नवा कायदा आणि पंचायत

येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील २०११ च्या नियमांनी वैद्यकीय नोंदी ‘संवेदनशील’ माहितीत धरल्या. पण त्या नियमांचे बंधन कंपन्या, भागीदारी संस्था व एकट्याने चालविलेले व्यवसाय यांपुरतेच होते. म्हणजे संगणकावर रुग्णांची नोंद ठेवणारे आपले चिकित्सालय वा औषधालय त्यांत येत होते. शेजारची ग्रामपंचायत मात्र येत नव्हती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्याच वर्षी सुमारे २१० शासकीय संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावे, पत्ते व आधार क्रमांक उघड झाल्याचे शासनाने मान्य केले. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आपल्याच राज्यातील गावी दिले गेले होते. तेथून सात वर्षांत ही स्थिती आली.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने ही विसंगती दूर करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यातील ‘राज्य’ या संज्ञेत स्थानिक प्राधिकरणेही येतात. अनुदान, लाभ वा दाखला देण्यासाठी पंचायतीस प्रत्येक वेळी संमती घ्यावी लागणार नाही. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांनी अशा कामास मर्यादा घातल्या आहेत. आवश्यक तेवढीच माहिती घ्यावी, ती अचूक असावी, गरज संपल्यावर ठेवू नये, तिचे रक्षण करावे आणि शंका विचारण्यासाठी जबाबदार व्यक्तीचा संपर्क द्यावा, असा त्यांचा आशय आहे. मुख्य कर्तव्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवलेली असल्याने त्यांचा अंमल मे २०२७ पासून होईल, असा हिशेब येतो. शिवाय संगणकात न गेलेली कागदी नोंदवही या कायद्याच्या कक्षेत नाही. तिला आधार सचोटीचाच.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्याच अधिनियमाने माहिती अधिकार कायद्यातील कलम ८(१)(ञ) बदलून वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा वाढविली. व्यापक जनहित असेल तर माहिती देण्याचा मार्ग कलम ८(२) मध्ये शिल्लक आहे. घरकुल कोणास मिळाले, रस्त्याचा ठेका कोणास गेला, हे ग्रामसभेस कळलेच पाहिजे. खासगीपणाचे नाव पुढे करून हिशेब झाकला जाऊ नये. लाभार्थ्याचे नाव सार्वजनिक असू शकते. त्याचा आधार क्रमांक, बँक खाते आणि रोग मात्र असू शकत नाहीत.

आपण काय करावे

पंचायतीस उपदेश करण्याआधी आपले घर आवरावे, हे उचित. क्षयरुग्णाची माहिती विहित मार्गानेच कळवावी. कोणी तोंडी यादी मागितल्यास ती देऊ नये व गटसंदेशात नाव टाकू नये. मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र बंद पाकिटात द्यावे. जुने केसपेपर रद्दीत घालू नयेत. चूर्णाच्या पुडीवर दुसऱ्या रुग्णाचे नाव व निदान वाचावयास मिळणे ही आपल्या व्यवसायास लाजिरवाणी गोष्ट होय. औषधालयात रोगाचे नाव मोठ्याने उच्चारू नये. देयकासाठी घेतलेला भ्रमणध्वनी क्रमांक विचारल्यावाचून जाहिरातीस वापरू नये.

मग पंचायतीकडे चार गोष्टी मागाव्यात. ग्रामसभेत आरोग्याचे आकडे मांडावेत, नावे नकोत. आधारची प्रत लागलीच, तर शेवटचे चारच अंक दिसणारी घ्यावी. काम संपल्यावर छायाप्रतींची विल्हेवाट कशी लावतात, ते फलकावर लिहावे. संगणकाचा परवलीचा शब्द एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावा. यांपैकी एकाही गोष्टीस मोठा खर्च नाही, आणि मे २०२७ ची वाट पाहण्याचेही कारण नाही.

कोनमधील आमच्या वैद्यबंधूंकडे उद्या खोकत येणारा कामगार आपला खरा पत्ता सांगेल की नाही, हे त्या पत्त्याचे पुढे काय होते यावर ठरणार आहे. आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो खरे देतो, तोवरच निदान खरे ठरते व उपचार पुरे होतात. तेवढा त्याचा विश्वास आपण आणि आपली पंचायत, दोघांनी मिळून राखावा, ही विनंती.